नावाच्या पट्ट्या

भाचीचा फोन आला. "मावशी, तुझा टाका बारीक असतो, शनिवारी येशील का?" तिच्या मुलाला बोर्डिंगला ठेवायचं ठरलंय हे मला ठाऊक होतं, पण कपड्यांची यादी येईपर्यंत ते खरं वाटत नव्हतं. गेले तर बाहेरच्या खोलीत सतरंजीवर ढीग लावलेले. पांढरे शर्ट, राखाडी पँटी, बनियन, नाइट ड्रेस, टॉवेल, उशीचे अभ्रे, रुमाल आणि मोजेच मोजे. प्रत्येक वस्तूवर मुलाचं नाव आणि शाळेनं दिलेला नंबर विणलेली पट्टी शिवायची होती. लाल दोऱ्यातली इंग्रजी अक्षरं, एकाच लांब फितीवर तेच नाव पुन्हा पुन्हा. आम्ही दोघी दोन बाजूंना बसलो आणि मधे तो, आठ वर्षांचा, आम्हाला सुया ओवून द्यायला. त्याची नजर तीक्ष्ण, दोरा एका झटक्यात आरपार. बराच वेळ गप्प होता. मग एक मोजा उचलून त्यानं विचारलं, "मोज्यावर पण नाव?" भाची म्हणाली, "मोजाच आधी हरवतो, राजा." त्यानं ते ऐकून घेतलं, पुढची सुई ओवली आणि म्हणाला, "मग मी हरवलो, तर मोजा बघून कळेल ना मी कोणाचा ते?"

भाची हसली आणि चहा टाकते म्हणून आत गेली. चहाला फार वेळ लागला.

माझं लहानपण पाचगणीचं. वडील पोस्टात होते. गाव एवढंसं, पण टपाल एखाद्या तालुक्याला पुरून उरेल इतकं, कारण गावात शाळाच शाळा आणि त्या शाळांतून घरापासून लांब आलेली मुलं. संध्याकाळी वडील घरी आले की त्यांच्या सदऱ्याला लाखेचा आणि गोणपाटाचा वास यायचा. नैरोबी, मोंबासा, दारेसलाम, बहारीन, तेहरान ही नावं मला भूगोलाच्या पुस्तकाआधी त्यांच्या तोंडून पाठ झाली. शाळांमध्ये रविवारी सगळ्या मुलांना बसवून घरी पत्रं लिहून घेत, त्यामुळे सोमवारी बाहेर जाणारी थैली जड असायची. वडील कोणाचं पत्र वाचणारे नव्हते, पण पोस्टकार्डावर शिक्का मारताना मजकूर डोळ्यांखालून जायचाच. ते आईला सांगत, "सगळी पोरं एकच लिहितात. मी मजेत आहे, तुम्ही मजेत असाल, केक पाठवा." आई विचारायची, "खरंच मजेत असतात का हो?" वडील म्हणायचे, "पत्र आधी मास्तर बघतात. दुसरं काय लिहिणार?"

मी मराठी शाळेत जायची. पावसाळ्यात धुकं खिडकीतून वर्गात यायचं आणि फळ्यावरचं अक्षर पुसट व्हायचं. ओल्या जांभ्या दगडाचा वास दप्तराला, गणवेशाला, अगदी डब्यातल्या पोळीला लागायचा. त्याच धुक्यातून त्या मोठ्या शाळांच्या घंटा ऐकू यायच्या. उठण्याची, प्रार्थनेची, जेवणाची, अभ्यासाची, दिवे मालवण्याची. आमच्या घरी घड्याळ होतं, पण आई भात त्या घंटांवरच लावायची. ठरलेल्या दिवशी मुलं दोन-दोनच्या रांगेनं बाजारात यायची, ब्लेझर घातलेली, बुटांवर लाल चिखल. आम्ही मैत्रिणी चण्याच्या गाडीपाशी उभ्या राहून बघायचो. मला त्यांचा हेवा वाटायचा, त्यांच्या बुटांचा, त्यांच्या इंग्रजीचा, त्यांच्या क्रिकेटच्या मैदानाचा. आणि त्याच वेळी हेही दिसायचं की रांगेच्या शेवटी नेहमी एखादा अगदी लहान मुलगा असतो, त्याचे मोजे घसरलेले असतात आणि ते वर ओढायला वाकला की रांग पुढे निघून जाते.

सेंट पीटर्स ही त्यातली सगळ्यात जुनी मुलांची शाळा. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी ती 'युरोपियन बॉइज हायस्कूल' म्हणून उभी राहिली, अँग्लिकन चर्चच्या छायेत. जॉन चेसन या साहेबानं त्याच्या कितीतरी आधी दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांमधल्या माळावर वस्ती वसवायला घेतली होती. आज पाचगणी म्हटली की डोळ्यांपुढे येणारे सिल्व्हर ओक त्याच्या काळापासूनचे. तो इथेच राहिला, इथेच गेला आणि सेंट पीटर्स चर्चच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. लहानपणी आम्ही त्या दफनभूमीत जाऊन दगडांवरची वर्षं वजा करत बसायचो. कोण किती जगलं ते काढायचं. किती तरी उत्तरं एक आकडी यायची.

ते एक आकडी उत्तर कळलं तर या शाळा का निघाल्या हे कळतं. हिंदुस्थानात नोकरीला आलेल्या गोऱ्या आईबापांपुढे मुलांचं काय करायचं हा फार मोठा पेच होता. इथल्या उन्हात, पटकी-हिवतापात मूल जगेल याची खात्री नाही आणि जगलं तरी ते नोकरचाकरांत वाढून 'आपलं' राहणार नाही ही भीती. म्हणून पैसेवाले लोक सहा-सात वर्षांचं पोर बोटीत बसवून विलायतेला धाडत. आई तिकडे सोडून येई आणि मधे वर्षं जात. भेट होई तेव्हा मुलाला आईचा चेहरा आठवत नसे. ज्यांना बोटीचं भाडं परवडत नव्हतं, रेल्वेतले, तारखात्यातले, पलटणीतले, त्यांच्यासाठी डोंगरावरच्या शाळा. थंड हवा, इंग्रजी मास्तर, चॅपल, आणि आई मात्र याच देशात, रेल्वेच्या एका रात्रीवर. त्या काळातल्या एखाद्या गार्डच्या बायकोला पाचगणी किंवा देवळाली ही मोठी सवलत वाटली असणार. जी व्यवस्था मुलाला आईच्या जवळ ठेवायला म्हणून निघाली, ती पुढच्या पिढ्यांनी मुलाला आईपासून लांब न्यायला वापरली. मला हे कळलं तेव्हा मी बराच वेळ अस्वस्थ होते.

या सगळ्यामागे एका बिशपचं नाव पुन्हा पुन्हा येतं. जॉर्ज कॉटन. इंग्लंडात रग्बीच्या शाळेत डॉ. थॉमस अर्नोल्ड मुख्याध्यापक असताना हा तिथे तरुण शिक्षक होता. अर्नोल्डची शिकवण अशी की शाळेच्या मध्यभागी चॅपल हवं, मोठ्या मुलांवर धाकट्यांची जबाबदारी टाकावी आणि मुलगा आधी सचोटीचा व्हावा, मग विद्वान. पुढे कॉटन कलकत्त्याचा बिशप होऊन आला, १८५८ साली, म्हणजे उठाव नुकताच चिरडलेला असताना. १८५९च्या जुलैत गोऱ्या लोकांनी सुटकेबद्दल आभाराचा दिवस पाळला, त्या दिवशी जमलेल्या देणग्यांतून डोंगरावरच्या शाळेची कल्पना पुढे सरकली आणि सिमल्याची बिशप कॉटन स्कूल उभी राहिली. बंगळूरला त्याच्या नावाची शाळा आहे, आपल्या नागपुरातही आहे. ज्या वर्षी आपल्या बापजाद्यांच्या गावांत माणसं फासावर गेली, त्याच वर्षाच्या आठवणीतून ही शाळा निघाली, हे विसरून मला तिच्याबद्दल वाचता येत नाही. आणि तरीही कॉटन १८६६च्या ऑक्टोबरात कुष्टियाला गोराई नदीवर बोटीत चढताना फळीवरून पाय घसरून पडला, त्याचं शरीर कधी सापडलंच नाही, हे वाचलं तेव्हा मला त्या माणसाबद्दल खरोखर वाईट वाटलं. सिमल्याच्या इमारतीचा पायाभरणी समारंभ जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी झाला होता.

मुंबईकडची गोष्ट याहून जुनी आणि याहून गरीब. १८१५मध्ये आर्चडीकन जॉर्ज बार्न्स यांनी मुंबईत एक सोसायटी काढली, ती गोऱ्या सोल्जरांच्या अनाथ, निराधार पोरांसाठी. बाप दख्खनच्या लढायांत नाहीतर तापानं गेलेला, आई कोण याचा पत्ता नाही किंवा असला तरी तो कागदावर घ्यायचा नाही. भायखळ्याला त्यांची शाळा झाली आणि शंभर वर्षांनी, १९२५मध्ये, बोर्डिंग देवळालीला हललं, ते बार्न्स स्कूल. भायखळ्याच्या आवारात ख्राइस्ट चर्च स्कूल राहिली. या मुलांतल्या कित्येकांची आई इथलीच, मराठी किंवा कोकणी बोलणारी असणार. त्यांना शाळेत नाव मिळालं, बूट मिळाले, बायबल मिळालं, पुढे रेल्वेत किंवा तारखात्यात नोकरी मिळाली. आईची भाषा तेवढी मिळाली नाही. भाचीकडे बसून मी पट्ट्या शिवत होते तेव्हा मला भायखळ्याची ती पोरं आठवली. त्यांच्याही कपड्यांवर नंबर असेल. तो कोणी शिवला असेल?

आता इथे कोणी म्हणेल की लांब पाठवण्याची रीत आपल्याकडे काय कमी होती. खरं आहे. पाचगणीहून पसरणीचा घाट उतरला की वाई, आणि वाईत प्राज्ञ पाठशाळा. वर डोंगरावर मुलं लॅटिन घोकत होती त्याच सुमारास खाली कृष्णेच्या काठी पोरं न्याय आणि वेदान्त घोकत होती, तीही घर सोडून आलेली. लक्ष्मणशास्त्री जोशी धुळ्याकडच्या पिंपळनेरहून चौदा वर्षांचे असताना आले. विनोबाही काही महिने येऊन शिकून गेले. माझे आजोबा कोकणातून पुण्याला गेले ते वार लावून जेवून शिकले. सोमवार या घरी, मंगळवार त्या घरी. एखाद्या घरची बाई पानात ताक वाढताना हात आखडता घ्यायची, ते म्हातारपणीही त्यांच्या लक्षात होतं. पण ती बाई होती. ती चिडली तरी घरातली बाई चिडली होती, आणि तिच्या चुलीचा धूर त्यांच्या आईच्या चुलीच्या धुरासारखाच होता. आजोबा वर्षभर लांब राहिले, पण घर या गोष्टीपासून एक दिवसही लांब राहिले नाहीत.

आणि आपल्याकडे मुंज आहे. शास्त्रानं मुंजीचं वय आठवं सांगितलं. त्या सकाळी मातृभोजन असतं. मुलगा आईच्या ताटात तिच्याबरोबर शेवटचा जेवतो, बाजूला पंगतीला अष्टवर्गातले बटू. त्यानंतर तो गुरुघरी जायचा, म्हणून हा एकत्र घास. माझ्या मुलाच्या मुंजीत मी त्याला भरवत होते आणि गुरुजी घाई करत होते, मुहूर्त जवळ आला, उठा. त्यानं तोंडातला घास गिळला नव्हता. मला ठाऊक होतं की हा कुठेही जाणार नाही, संध्याकाळी भिक्षावळीच्या मिरवणुकीत झोपेला येईल आणि माझ्याच मांडीवर लवंडेल. तरी त्या एका क्षणी पोटात कालवलं. आपल्या पूर्वजांनी या गोष्टीला निदान तोंड दिलं. आईला सांगितलं की हे तुझ्यापासून तुटतंय, तर बस, जेव त्याच्याबरोबर, आणि पहिली भिक्षाही त्यानं तुझ्याकडेच मागावी. बोर्डिंगच्या यादीत सहा जोड मोजे असतात, बुटांचं पॉलिश असतं. त्या घासासाठी यादीत जागा नाही. तो आयांनी आपापला, स्टँडवर नाहीतर गाडीत, कागदी बशीत उरकायचा.

पाचगणीचं नाव घेतलं की आता लोक फारोख बलसाराबद्दल, म्हणजे पुढे 'क्वीन' बँडचा गायक झालेल्या फ्रेडी मर्क्युरीबद्दल, विचारतात. झांजिबारच्या पारशी घरातला मुलगा, बाप तिथल्या कोर्टात रोखपाल. १९५५च्या सुरुवातीला तो सेंट पीटर्सला आला तेव्हा आठ वर्षांचाच होता. समुद्र ओलांडून मुंबई, मुंबईहून डोंगर. सुट्टीत बहुतेक वेळा तो मुंबईत आजीकडे आणि मावशीकडे राहायचा, कारण झांजिबार फार लांब. रेडिओवर एकदा ऐकलेली चाल हा पियानोवर जशीच्या तशी काढतो हे ध्यानात आलं आणि मुख्याध्यापकांनी घरी कळवलं की थोडी जादा फी भरली तर याला संगीत शिकवता येईल. आईबापांनी भरली. पियानोच्या परीक्षा झाल्या, गायनवृंदात आवाज लागला, टेबल टेनिस झालं, १९५८मध्ये ज्युनिअर ऑलराउंडरचं बक्षीस झालं. पारशी मुलगा अँग्लिकन प्रार्थनेत गात होता. फारोखचा फ्रेडी इथेच झाला, सोबतच्या मुलांनी केला. त्याच वर्षी पाच मित्रांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. शाळेच्या समारंभांत वाजवायचे, आणि शेजारच्या मुलींच्या शाळांतून मुली यायच्या तेव्हा पहिल्या रांगेतून किंचाळ्या यायच्या. या सगळ्या गोष्टी मी गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा वाचल्या. लोक त्या वाचून म्हणतात, बघा, बोर्डिंगनं काय घडवलं.

मी दुसरंच बघते. त्या पाचांतला एक नेपाळचा होता, पुढे तिथल्या लष्करात मोठ्या हुद्द्यावर गेला. एक फरांग इराणी, त्यानं पुण्यात हॉटेल काढलं आणि पुणेकरांना सिझलर खाऊ घातलं. पाच वेगवेगळ्या घरांतली पाच पोरं, आईबाप शेकडो मैलांवर. त्यांना एकमेकांशिवाय कोणी नव्हतं, म्हणून ती एकमेकांना इतकी घट्ट धरून होती. शाळेनं खोली दिली आणि पियानो दिला, त्याचं ऋण मोठं आहे आणि ते मी मनापासून मानते. पण त्या खोलीत जे घडलं ते त्या मुलांनी स्वतःच्या गरजेतून घडवलं. आणि झांजिबारला तिकडे त्याची आई मुलाचा आवाज फुटतोय, उंची वाढतेय, मिसरूड येतेय, हे सगळं पत्रांतून ऐकत होती. रविवारी लिहिलेल्या पत्रांतून. तो १९६३मध्ये परत गेला, आणि पुढच्याच जानेवारीत झांजिबारमध्ये क्रांती झाली, घरदार सोडून सगळे इंग्लंडला गेले. म्हणजे ज्या घराची आठ वर्षं वाट बघितली ते घर त्याला जेमतेम वर्षभर मिळालं.

इतिहास या मुलांच्या सुट्ट्यांत असा मधेच येऊन उभा राहतो. सिमल्याला १९४७ साली मुलं एकाच हाउससाठी हॉकी खेळत होती, एकाच डॉर्मिटरीत झोपत होती, आणि एक दिवस मुसलमान मुलांना लष्करी बंदोबस्तात सरहद्दीपलीकडे पोचवावं लागलं. सत्र पुरं व्हायच्या आधीच. कोणाच्या डेस्कमध्ये अर्धवट वही, कोणाचा बुटांचा जोड खाटेखाली. देश वेगळा झाला हे मोठ्यांनी ठरवलं, आणि ते पहिल्यांदा ज्यांच्या अंगावर आलं त्यांत दहा-बारा वर्षांचे हॉकीचे गडी होते. मागे राहिलेल्या मुलांना त्या रिकाम्या खाटा किती दिवस दिसल्या असतील, हे कुठल्या शाळेच्या स्मरणिकेत सापडत नाही. तिथे सामन्यांचे निकाल असतात.

आमच्या शेजारी गोडवलीच्या एक काकू राहायच्या. गावातल्या एका बोर्डिंगमध्ये धाकट्या मुलांच्या डॉर्मिटरीत त्या आया होत्या. शाळेचं नाव घेत नाही, आणि त्या शाळेतच असं होतं असंही नाही. काकू सांगायच्या की नवी मुलं आली की पहिल्या रात्री कोणी रडत नाही. दमलेली असतात. दुसऱ्या रात्रीही नाही. तिसऱ्या रात्री एक सुरू करतो आणि मग खाटेखाटेवर पांघरुणं हलायला लागतात. आवाज नसतो, कारण आवाज केला तर मोठी मुलं चिडवतात. काकू मधून फिरायच्या आणि पाठीवरून हात फिरवत "उगी, उगी" म्हणायच्या. त्यांना दुसरी भाषा येत नव्हती. पारशी, इराणी, गुजराती, अँग्लो-इंडियन, सगळ्यांना त्यांनी एकाच शब्दानं झोपवलं. पहाटे कोणाची गादी ओली असली तर मेट्रन यायच्या आत चादर बदलून टाकायच्या. त्याचा वेगळा पगार नव्हता. ते कोणी सांगितलेलंही नव्हतं. मला वाटतं त्या डोंगरावर आईपणाचं जेवढं काम झालं, त्यातलं बरंचसं दांडेघर-गोडवलीच्या बायकांनी केलं, आणि शाळांच्या इतिहासात संस्थापकांच्या तसबिरी लागतात त्या भिंतीवर त्यांच्यासाठी खिळा नाही. सकाळी त्या घरी यायच्या तेव्हा त्यांचीच पोरं दारात बसलेली असायची, आजीनं वाढलेलं खाऊन. धाकटा त्यांच्याशी बोलायचाच नाही थोडा वेळ.

अँग्लिकन हा शब्द आता या शाळांना इतिहासापुरता लागू होतो. १९७०च्या २९ नोव्हेंबरला नागपुरात वेगवेगळे पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं आणि जुनं अँग्लिकन चर्च त्यात विरलं. बिशप मराठी, गुजराती, मलयाळी नावांचे झाले. वर्गातल्या हजेरीपटावरची गोरी नावं त्याच्या कितीतरी आधी आटली होती. पण हाउस राहिली, प्रीफेक्ट राहिले, सकाळची प्रार्थना राहिली, घंटा राहिल्या, आणि आठव्या वर्षी मूल पाठवायचं हेही राहिलं. ज्यांनी हे सुरू केलं त्यांच्याकडे कारण होतं. पटकी होती, बोटीचं भाडं होतं, परका देश होता. झांजिबारच्या घराकडेही कारण होतं, तिथे हवी तशी शाळा नव्हती. भाचीच्या घरापासून चांगल्या शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. तिला आणि जावयांना उशिरापर्यंत ऑफिस असतं, मुलगा दुपारभर एकटा, हातात टॅबलेट, हेही मी डोळ्यांनी बघितलंय आणि त्यावरून तिला नावं ठेवणं मला पटत नाही. तिचं प्रेम कमी नाही. शिवताना तिनं प्रत्येक पट्टीची कड आतून दुमडली, मानेला टोचू नये म्हणून.

तिनं मला विचारलं तेव्हा मी स्पष्ट सांगितलं. तेरा-चौदाचा होऊ दे. तेव्हा त्याला मित्र हवे असतील, डोंगर हवा असेल, आमच्यापासून लांब जायचं असेल, आणि हट्टानं जाईल. तेव्हा पाठव. आठव्या वर्षी मूल जात नाही, त्याला नेलं जातं. ती म्हणाली, "फी भरून झालीय, मावशी." मग थोड्या वेळानं म्हणाली, "पहिलं सत्र बघू." जावई काही बोलले नाहीत.

त्यानंतर मी पाचगणीला गेले होते, काकूंच्या घरी. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, आता तिथे नातसून आहे. घरावर स्लॅब पडलाय, मागे स्ट्रॉबेरीचं शेत. तिचा मुलगा गावातल्याच एका मोठ्या इंग्रजी शाळेत जातो, डे स्कॉलर म्हणून. ब्लेझर, टाय, बॅज, सगळं तसंच, फक्त रात्री तो गोडवलीला असतो. आम्ही बोलत होतो तोच तो आला, बूट दारात भिरकावले, दप्तर पडवीत, आणि आत जाऊन टोपलीतली भाकरी घेऊन उभ्या उभ्या खायला लागला. नातसून माझ्याकडे बघून म्हणाली, "बघा मावशी. शाळेत गरम जेवण असतं दुपारी, पुडिंग का काय ते पण असतं. फीमध्ये सगळं धरलंय. आणि रोज चार वाजता हे असं. मी म्हणते तिथे जेवत का नाहीस रे पोटभर? तर म्हणतो, जेवतो की. मग ही भाकरी कशाला? तर म्हणतो, ही घरी आलो म्हणून."